उगवण्याआधी दिसलेला सूर्य

त्या पावसाळ्यात आमच्या घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो मागच्या दाराच्या कडीचा. कुणाची झोप मोडू नये म्हणून आई ती इतकी जपून काढायची, की कडी नेमकी त्यामुळेच कुरकुरायची. एका झटक्यात ओढली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण आईला झटक्यात काही करताच येत नसे. मग तिच्या बांगड्या वाजायच्या, कोपऱ्यातली छत्री उचलल्याचा आवाज यायचा, आणि चिखलातून जाणारी तिची पावलं ऐकत मी गोधडीत पडून राहायची. ती सूर्य शोधायला निघालेली असायची. लोक सकाळी दूध आणायला जातात, फुलं आणायला जातात. आमची आई त्या चातुर्मासात रोज सूर्य बघायला जायची, आणि तो सापडला तरच जेवायची.

आम्ही राहायचो डोंबिवलीच्या पश्चिमेला, स्टेशनपासून बरंच आत, खाडीच्या अंगाला. जनाबाय नावाच्या एका आगरी बाईने आपल्या घराला लागून भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधल्या होत्या, त्या आमच्या. मागे भातशेती, तिच्यापुढे तिवरांची दाट झाडी आणि तिच्यापलीकडे खाडी. घरातून खाडी दिसायची नाही, पण वासावरून तिचं सगळं कळायचं. ओहोटी असली की चिखलाचा उग्र वास थेट स्वयंपाकघरात यायचा आणि अण्णा खिडकी लावून घ्यायचे. भरतीला तोच वारा खारट, स्वच्छ व्हायचा आणि आई खिडकी उघडायची. आता तिथे शेतं नाहीत, उंच इमारती आहेत, आणि मी त्यांच्यातल्याच एकीत बऱ्याच वरच्या मजल्यावर राहते. इमारतींना नावं ठेवत ठेवत शेवटी मीही तिथेच फ्लॅट घेतला, आता तक्रार करायला तोंड नाही. माझ्या बाल्कनीतून खाडी लख्ख दिसते. सूर्यही दिसतो, आणि खाली पाण्यावर असलेल्या माणसापेक्षा मला तो किंचित आधी दिसतो, कारण उंचावरून क्षितिजाच्या थोडं पलीकडचं दिसतं. हे मला अण्णांनी सांगितलेलं. या वयातही सूर्य उगवताना बघितला की आधी अण्णांचं एखादं वाक्य आठवतं, मग आईचा चेहरा आठवतो, आणि त्या दोघांच्या मध्ये मी तेव्हासारखीच मुकाट्याने उभी असते.

अण्णा कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. मूळचे देशावरचे, ज्वारीच्या भाकरीशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. आई कोकणातली, तिच्या मते ज्वारीची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. त्यामुळे आमच्याकडे सकाळी तांदळाची आणि रात्री ज्वारीची असा तह झालेला होता. अण्णांना शिकवण्याचं वेड होतं आणि ते शाळेच्या घंटेबरोबर थांबत नसे. तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो, झाकण का थडथडतं, मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी का सुटतं, सगळं ते जेवता जेवता सांगायचे. आई भाकरी थापत थापत "हो का" म्हणायची. तिच्या त्या "हो का"ला मी पुष्कळ दिवस हसायची, कारण मला वाटायचं ती ऐकतच नाही. पण दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा आणि ती जनाबायला तेच सगळं तसंच्या तसं समजावून सांगत असायची, "आमचे हे म्हणतात" अशी सुरुवात करून. आई चौथी शिकलेली. अण्णा कधी चुकीचं सांगत नाहीत आणि कधी खोटं बोलत नाहीत, यावर तिचा पंचांगाइतका विश्वास होता. पुढे जे घडलं ते या विश्वासापायीच.

आदल्या उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला. मॅट्रिकच्या आधीचं माझं वर्ष होतं. ताप उतरायचं नावच घेईना. माझे केस मुठीमुठीने गळले, जिभेला चव राहिली नाही, आणि मला आठवतं ते फक्त छताचं एक आडवं लाकूड आणि आईचा गार हात. डॉक्टरांनी अण्णांना दाराबाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. ते आईने आत उभं राहून ऐकलं. काय ऐकलं ते तिने मला कधीच सांगितलं नाही. टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून झाला, आंबिवलीच्या मावशीने अंगारा पाठवला, तो कपाळाला लावून झाला. शेवटी एका पहाटे आई मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि समोर सूर्य वर आला तेव्हा तिने त्यालाच सांगून टाकलं, की पोरगी वाचली तर सगळा चातुर्मास तुला बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. बाकीच्या देवांना मानावं लागतं, हा आपला समोर दिसतो, म्हणून याला सांगितलं, असं ती नंतर म्हणाली. पाणी चालेल असं तिने तिचं तिनेच ठरवलं. चहाचं विचारायचं राहून गेलं, म्हणून चहा बंद.

मी वाचले. आषाढी एकादशी आली आणि आकाश भरून आलं. चातुर्मास म्हणजे पावसाळा, हे बोलताना लक्षात नव्हतं का, असं अण्णांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "नवस कुणी सोपा बघून करतं का?" अण्णा नवसबिवस मानत नसत, पण मी वाचल्यावर त्यांनीही कुठल्याच गोष्टीला हसायचं सोडून दिलं होतं.

तिवरांच्या झाडीमुळे बांधावरून सूर्य फार उशिरा दिसायचा. तो नीट दिसायचा फक्त पाण्यावरून, कारण तिथे खाडी कल्याणच्या बाजूने सरळ येते आणि पावसाळ्यात सूर्य बरोबर त्या बाजूला उगवतो. जनाबायचं एक शेत पलीकडच्या काठाला होतं आणि ती रोज पहाटे होडीने जायची, स्वतः वल्हं मारत. तिने आईला होडीत घ्यायला सुरुवात केली. बरं वाटायला लागल्यावर मीही कधीकधी जायची. तो काळ आठवला की अजून अंगावर गारवा येतो. आधी पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं असायचं, त्यांच्यामधली रेघसुद्धा दिसायची नाही. मग ढगांना खालून तांबूस रंग चढायचा, बोईट मासे पाण्यातून टुपकन उडी मारायचे, आणि जनाबाय वल्हं थांबवून होडी नुसती वाहू द्यायची. नशीब असेल तर ढगांच्या खाली एक फट राहायची आणि तिच्यातून सूर्य पाण्याला टेकलेला वर यायचा, लाल, बघवेल असा मऊ. त्याच्यापासून आमच्यापर्यंत उजेडाचा एक पट्टा पाण्यावर पडायचा. आई म्हणायची तो पट्टा माझ्याकडे येतोय, जनाबाय म्हणायची माझ्याकडे येतोय. आम्ही हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे, प्रत्येकाच्या डोळ्याला त्याचा त्याचा पट्टा दिसतो. आईला हे फार आवडलं होतं. ढग असले तर ती दुपारपर्यंत, कधी संध्याकाळपर्यंतही थांबायची, पण त्या पहाटेच्या होडीमुळे बहुतेक दिवस निभावून जायचे. घरी येऊन ती चुलीवर भाकरी टाकायची तेव्हा तिचा चेहरा कसा उजळलेला असायचा ते मी सांगू शकत नाही. तिला भूक लागलेली असायची आणि ती सुखात असायची.

मग तो रविवार आला. आई आणि मी होडीतून परतलो होतो. सूर्य त्या दिवशी फारच सुरेख दिसला होता, अगदी पाण्यातून निथळत वर आल्यासारखा, आणि आई ते अण्णांना सांगत होती. अण्णा खूश झाले. खूश झाले की त्यांना काहीतरी शिकवावंसं वाटे. त्यांनी पितळेची वाटी घेतली, तिच्यात तळाशी एक नाणं ठेवलं आणि आईला म्हणाले, आता हळूहळू मागे सरक, नाणं वाटीच्या काठाआड जाईपर्यंत. आई पदर सावरत मागे सरकली. दिसत नाही म्हणाली. मग अण्णांनी वाटी जराही न हलवता तिच्यात पाणी ओतलं, आणि आई जागची न हलता म्हणाली, "अगंबाई, दिसायला लागलं." ती लहान मुलीसारखी हसत होती. अण्णा म्हणाले, नाणं आहे तिथेच आहे, पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो म्हणून ते उचलल्यासारखं दिसतं. हवाही असंच करते. सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो ना, तेव्हा तो खरं म्हणजे अख्खाच्या अख्खा खाली असतो. अजून उगवलेलाच नसतो. हवा त्याला उचलून आपल्याला दाखवते.

आई ताटावर बसली होती. भाकरीचा तुकडा मोडलेला होता. तो तिने परत ताटात ठेवला.

"म्हणजे आज मी बघितला तेव्हा तो उगवला नव्हता?"

"नव्हता," अण्णा म्हणाले. अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते वाटीतलं पाणी झाडाला घालायला उठले.

माझ्या मात्र लक्षात आलं होतं. आईने ताट झाकून ठेवलं, उठून हात धुतले आणि डाळ निवडायला बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी चारचौघांत आपल्या फाटक्या पदराकडे बोट दाखवावं तशी ती दिसत होती.

त्या दिवसापासून ती होडीत जाईनाशी झाली. खालचा सूर्य तिला चालेना. पार डोक्यावर आलेला सूर्य उचललेला नसतो, एवढं तिने अण्णांकडून काढून घेतलं, आणि ते खरंच होतं, म्हणून अण्णांना हो म्हणावं लागलं. मग ती माध्यान्हीची वाट बघायला लागली. श्रावणातलं आकाश, माध्यान्हीला उघडं मिळेल याची काय खात्री? दोन दोन दिवस तिच्या पोटात अन्न जाईना. आणि ऊन पडलं की ती अंगणात जाऊन बोटांच्या फटीतून वर बघायची. पहाटेच्या लाल सूर्याकडे बघणं वेगळं आणि दुपारच्या सूर्याकडे बघणं वेगळं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आत आल्यावर तिला बराच वेळ भिंत दिसायची नाही, चाचपडत पाटावर बसायची. अण्णांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या हातून तांब्या पडला. डोळे जातील, कायमचे जातील, असं ते ओरडून म्हणाले. ते ओरडलेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

मग ते तिला समजावायला लागले. सूर्य थोडा वर आला, झाडाच्या उंचीएवढा, की फरक राहतच नाही म्हटलं तरी चालेल, असं म्हणाले. आईने विचारलं, म्हटलं तरी चालेल म्हणजे काय, राहतो की नाही राहत? अगदी थोडा राहतो, हे अण्णांना कबूल करावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या शब्दांत सांगितलं, तिसऱ्या दिवशी पाटीवर आकृती काढली. आई ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "मी जेवावं म्हणून सांगताय तुम्ही." ज्या माणसाच्या शब्दावर तिने जन्मभर डोळे मिटून विश्वास ठेवला त्याचाच शब्द आता तिला पटेना, कारण त्यात माया मिसळली होती. अण्णा रात्री जेवताना बोलेनासे झाले. ज्वारीची भाकरी पुढे यायची, ते अर्धी ठेवायचे. आणि मी? माझ्यासाठी केलेला नवस होता. मला पोटभर जेवायची आई सक्ती करायची, दूध, तूप, खारीक, आजारातून उठलेली मुलगी म्हणून. समोर ती उपाशी बसलेली आणि मी तूपभात खातेय.

एका दुपारी आई विहिरीवर चक्कर येऊन पडली. जनाबायने तिला उचलून आणलं, पाणी मारलं, आणि अण्णा शाळेतून येईपर्यंत ती आमच्या उंबऱ्यात बसून राहिली. सगळी हकिगत तिने माझ्याकडून ऐकली होती. अण्णा आले तशी ती त्यांना म्हणाली, "मास्तर, शालेत काय शिकवाचा ते शिकवा. घरान कशाला शिकवता?" अण्णांनी मान खाली घातली. जनाबायचा राग तेवढ्यात उतरला. ती म्हणाली, "परवा आष्टमी, परवा तिचा उपास हायच. उंद्या सकालचे माजे होरीन चला, तुमी पन चला. तिचे डोल्यान बगू दे तिला काय ते. तुमी नुस्ता सांगून व्हयाचा नाय."

त्या रात्री अण्णांनी आईला एकच गोष्ट सांगितली, तीही हळू, अंथरुणं घालताना. हवा सूर्याची खालची कड जास्त उचलते आणि वरची कमी, म्हणून अगदी खाली असताना तो चपटा दिसतो. जसजसा वर येतो तसतसा गोल होतो. गोल झाला की समजायचं, उचलणं बहुतेक संपलं. यात माझा शब्द घ्यायला नको, तुझं तुलाच दिसेल. आई "बहुतेक" एवढंच म्हणाली आणि दिवा बारीक केला.

सकाळी आम्ही चौघं होडीत होतो. भांगाची भरती होती, म्हणजे उधाणाच्या उलट; पाणी चढत होतं पण त्याला ओढ नव्हती, तळ्यासारखं संथ. डोक्यावर अर्धा चंद्र राहिलेला. अण्णांना पोहता येत नव्हतं. ते होडीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसले होते आणि कोरडं आकाश असताना मांडीवर छत्री घेतली होती. आईने डबा बांधून आणला होता, तो तिच्या मांडीवर होता. जनाबायने झाडी ओलांडून होडी मधोमध नेली आणि वल्हं आडवं ठेवलं. कल्याणच्या बाजूला ढग होते पण खाली रुंद फट होती. तिथला रंग आधी शिळ्या चुलीतल्या राखेसारखा, मग तांब्याचा झाला. पाण्यावर तोच रंग आधी आला की आकाशात, हे मला सांगता यायचं नाही. बगळे एकामागोमाग एक काठावरून उठून गेले. आणि मग सूर्याची वरची कड दिसली.

तो वर आला तेव्हा मी पहिल्यांदाच तसं लक्ष देऊन बघत होते. इतक्या वेळा बघितला होता आणि कधी दिसलं नव्हतं. खरंच तो चपटा होता. खालून दबलेला, थापताना हात चुकलेल्या भाकरीसारखा. आईलाही दिसलं. "दबलाय," ती म्हणाली. अण्णा काही बोलले नाहीत. एरवी अशा वेळी ते बोलले नाहीत असं झालंच नसतं. पृथ्वी फिरते म्हणून आपणच त्याच्याकडे कलतोय, निळा रंग वाटेत विखरून जातो म्हणून लाल उरतो, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं, आणि ते काठ धरून गप्प बसले होते. आम्ही बघत राहिलो. हळूहळू खालची बाजू भरत आली, कडा सुटल्या, लाल होता तो केशरी झाला. कधी गोल झाला ते नेमकं कुणाला सांगता आलं नसतं, पण एका क्षणी तो गोल होता.

आई अण्णांकडे वळली. बऱ्याच दिवसांनी तिने त्यांच्याकडे अशी मान वर करून बघितलं होतं.

"आता खरा?" तिने विचारलं.

त्यांनी हो म्हणायचं होतं. एवढं एक हो म्हटलं असतं तर ती जेवली असती, कारण तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि विचारतानाच तिचा हात डब्यावर गेला होता. मी मनातल्या मनात हो म्हणा, हो म्हणा असा जप करत होते. अण्णांनी छत्री एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. मग म्हणाले, "जवळजवळ. पण अगदी खरा म्हणशील तर नाही. तिथून उजेड इथवर यायलाच आठ मिनिटं लागतात. आपण बघतोय तो आठ मिनिटांपूर्वीचा आहे. डोक्यावर आला तरी तसंच."

मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तसा आयुष्यात फार थोड्या वेळा कुणाचा आला असेल. जनाबायने तोंड फिरवलं आणि पाण्यात थुंकली. आता माध्यान्हसुद्धा गेली, असं मला वाटलं. आता ही बाई कधीच जेवणार नाही.

आईने डब्यावरचा हात काढून घेतला. मग तिने विचारलं, "डोक्यावर आला तरी? म्हणजे आत्ताचा, खरा, तो कधीच दिसत नाही?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"मलासुद्धा नाही."

"आणि हे ज्यांनी शोधून काढलं त्यांना?"

"त्यांनाही नाही गं," अण्णा म्हणाले. "जगात कुणालाच नाही."

आईने श्वास सोडला. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि ती हसली नाही, रडलीही नाही, साध्या आवाजात बोलली. "मला वाटलं, मला एकटीलाच कळत नव्हतं. सगळे शिकलेले लोक खरा बघतात आणि मी अडाणी आपली खोट्याला हात जोडून जेवते, असं वाटलं मला."

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं ते शिकवत होते आणि त्या वाटीने, त्या नाण्याने ते आपल्या बायकोला काय सांगून बसले होते, हे त्यांना आत्ता कळत होतं. आजवर कधी चारचौघांत त्यांनी आईला हात लावलेला मी बघितला नव्हता. त्यांनी काठावरचा एक हात सोडला, पोहता येत नसताना, आणि तिच्या हातावर ठेवला. तसं काही नाही, एवढंच म्हणाले, आणि तेही नीट म्हणता आलं नाही. मला वाटतं, त्यांनी खोटं हो म्हटलं असतं तर ती जेवली असती, पण ती शरम आतल्या आत तशीच राहिली असती. हे कळायला मला माझा संसार होऊन जावा लागला.

"मग मी बोलले तेव्हा त्यालाही माहीत असणार," आई सूर्याकडे हात करून म्हणाली, "की माणसाला दिसून दिसून किती दिसतं ते." आणि तिने फडक्याची गाठ सोडली.

डब्यात तांदळाची भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी, चातुर्मास म्हणून लसणाशिवायची. जनाबायने वल्हं उचललंच नाही. होडी भरतीबरोबर आपोआप कल्याणच्या दिशेला सरकत होती. सूर्य आता पिवळा झाला होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तसाच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. माझे केस तेव्हा जेमतेम बोटभर वाढले होते, गालांची हाडं अजून वर आलेली होती, मी काही बघण्यासारखी नव्हते. मला अवघडल्यासारखं झालं. काय बघतेस, मी म्हटलं.

"दिसतेस," ती म्हणाली, आणि तिने घास तोंडात घातला.